शेवंती रबर वर्क्सची मालकीण

जयवंत तोरसकर एका रविवारी सकाळी असल्फ्याहून दिंडोशीला भावाकडे आला आणि चहा व्हायच्या आधीच त्याने वहिनीपुढे सहा-सात कागद पसरले.

"वहिनी, पेन्सिलीने फुली मारलीय ना, तिथे तिथे सह्या करा."

वनमालाने ओले हात पदराला पुसले. "कसल्या सह्या?"

"धंद्याच्या. आजपासून तुम्ही मालकीण."

तिचा नवरा अनंत दिंडोशीच्या कोर्टात कारकून. घरात आलेला कुठलाही कागद आधी तो वाचायचा. त्याने वर्तमानपत्र बाजूला केलं आणि कागद स्वतःकडे ओढले.

जयवंतचा साकीनाक्याला रबराचा गाळा होता. जहाजातल्या एकेका कप्प्याला पोलादी दार असतं. ते मिटलं की पलीकडे शिरलेलं पाणी अलीकडे येता कामा नये. त्यासाठी दाराच्या कडेने खोबणीत रबराची जाड पट्टी बसवतात, तिला गास्केट म्हणायचं. बावीस वर्षं जयवंत ह्या पट्ट्या करून सरकारी गोदीला देत आला होता. गोदीला जहाजं मिळत ती एकदम तीन-चार. मग दीड-दोन वर्षं गाळ्यातले, रबर साच्यात दाबून भाजणारे दोन्ही प्रेस तापलेले असत. ती जहाजं पाण्यात उतरली की पुढची ऑर्डर येईपर्यंत सगळं थंडगार. आणि आता तर गेल्या दोन टेंडरांत पुण्याकडच्या एका बड्या कंपनीने त्याच्याखाली रेट टाकून सगळा माल उचलला होता. सरकारी खरेदीत ज्याचा रेट सगळ्यात कमी, त्याची ऑर्डर.

"पण एक नियम आहे," जयवंत पुढे सरकून सांगू लागला. "सरकारी कंपनीने वर्षाच्या खरेदीतला चौथा हिस्सा लहान कारखान्यांकडून घ्यायचा. त्या मोठ्याचा रेट शंभर असेल आणि आपला एकशे पंधराच्या आत, तर आपल्याला विचारतात, शंभरला देता का? हो म्हटलं की चौथा हिस्सा आपला. पण माझ्यासारखे लहान पुष्कळ, माझ्या नावावर नंबर लागत नाही. आणि शंभरातले तीन रुपये बायकांच्या कारखान्यांना द्यायचे असतात. तेच त्यांना मिळत नाहीत हो, वहिनी! दिवा घेऊन शोधतायत."

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही. सह्या करायच्या."

अनंतने चष्मा काढला. "जया, हे प्रतिज्ञापत्र आहे. मालकी हिची, कारभार हिचा, असं लिहिलंय. उद्या कोणी शपथेवर विचारलं तर?"

"दादा, कोण विचारतंय? सगळे करतात. माझी बायको बँकेत नोकरीला, तिच्या नावावर करता येत नाही. नाहीतर तुमच्यापर्यंत आलो नसतो. गाळा बंद पडला तर शरदभाऊ आणि बाकीचे चौघं कुठे जाणार?"

वनमालाने सह्या केल्या. कारखान्याला नाव काय द्यायचं म्हणून विचारलं तेव्हा तिने सासूचं सुचवलं. गिरणी बंद पडल्यावर शेवंतीबाईंनी घरी उदबत्त्या वळून दोन मुलगे वाढवले होते. जयवंतलाही ते आवडलं. शेवंती रबर वर्क्स.

तो गेला, पण त्याचं ते 'काही नाही' घरातच राहिलं.

वनमाला तेव्हा पन्नाशीला टेकली होती. लग्नाआधीपासून चौदा वर्षं ती गोरेगावच्या इंजेक्शनच्या कारखान्यात तपासणीला होती. पांढऱ्या उजेडासमोर एकेक कुपी उलटी धरायची, आत केसाएवढा कण तरंगताना दिसला की बाजूला काढायची. पुढे हिमाचलात कर माफ झाला आणि तो कारखाना उठून तिकडे गेला. दीडशे बायका घरी बसल्या. मधल्या वर्षांत तिने साड्यांना फॉल लावले, सोसायटीचं पाण्याचं वेळापत्रक सांभाळलं, चुलत नणंदेच्या मुलीचं बाळंतपण केलं. कशात जीव रमला नाही. एक काम हातात असताना तिचं लक्ष दुसऱ्या कामाकडे असायचं.

आता तिच्या मोबाईलवर बँकेचे मेसेज येऊ लागले. कुरियरवाल्याने दारात विचारलं, "प्रोप्रायटर कोण?" ती "मीच" म्हणाली आणि दार लावल्यावर चोरी केल्यासारखं वाटून दोन खोल्यांतून उगीच फिरत राहिली. भाजी चिरायला बसायची, अर्धी टाकून उठायची. तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, अनंत कोर्टात गेल्यावर तिने मेट्रो पकडली आणि साकीनाक्याला उतरली.

गाळा गल्लीच्या टोकाला होता. आत गंधकाचा आणि भाजलेल्या रबराचा वास, आणि चेहऱ्यावर येणारी झळ. शरच्चंद्र मेस्त्री साच्यातून पट्टी ओढून काढत होते. साठी उलटलेला माणूस, हाताच्या कातडीवर भाजल्याचे जुने डाग. त्यांनी घाईने स्टूल पुसून दिला. जयवंत माल पोचवायला गेला होता.

वनमाला स्टुलावर टेकली नाही. तयार पट्ट्यांच्या ढिगातली एक उचलून ती ट्यूबलाईटखाली गेली, अंगठा पट्टीवरून हळूहळू सरकवत नेला आणि थांबली.

"शरदभाऊ, इथे आत हवा राहिलीय का?"

मेस्त्रींनी पट्टी वाकवून पाहिली. दिसलं नाही. दुसऱ्यांदा पाहिल्यावर दिसलं. सुईच्या टोकाएवढा फुगा.

"वहिनी, तीस वर्षं हेच करतोय," ते म्हणाले, "पण हे मी पास केलं असतं."

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. जयवंत आधी हसला. "या की, घरचंच आहे." पंधरा दिवसांनी नापास पट्ट्यांचा ढीग वाढला तसं त्याचं हसू कमी झालं.

जूनमध्ये गोदीचं टेंडर उघडलं. तीन जहाजांच्या दारांची गास्केट, बारा हजार मीटर. पुण्याच्या कंपनीचा रेट मीटरला सहाशे दहा, शेवंतीचा सहाशे नव्वद. म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आत. चौथ्या दिवशी पत्र आलं, सहाशे दहाने तीन हजार मीटर देता का?

जयवंत गाळ्याबाहेरच्या बोळात येरझाऱ्या घालू लागला. "सहाशे दहा! रबर, वीज, चाचणीची फी जाऊन मीटरमागे वीस रुपये सुटतील. तेही काही बिघडलं नाही तर."

"त्या मोठ्याला कसं परवडतं?"

"त्याला गाड्यांच्या कंपन्यांचं काम आहे. हे त्याचं तोंडीलावणं. आपलं तेच जेवण आहे, वहिनी."

तरी त्याने होकार कळवायला सांगितलं. प्रेस थंड राहण्यापेक्षा वीस रुपये बरे. पण कारखाना नव्या नावाचा, म्हणून ऑर्डरीआधी गोदीची माणसं पाहणीला येणार होती.

पाहणीला एकच बाई आली, दीप्ती लेले. खरेदी विभागातली इंजिनीयर, तिशीची. कॅनव्हासचे बूट, हातात टॅब. तिने प्रेस पाहिले, साचे मोजले, चाचणीचे दाखले वाचले. मग टेबलाशी बसून म्हणाली, "मालकांशी बोलायचंय."

जयवंत खुर्ची सरकवून पुढे झाला. "विचारा ना मॅडम."

"तुमच्याशी नाही. यांच्याशी." तिने वनमालाकडे पाहिलं. "रबर किती कडक ठेवता?"

"पासष्टच्या आसपास. सत्तरच्या वर गेलं तर दार मिटायला जोर लागतो. साठच्या खाली आलं तर दाबलं गेलं की तसंच चपटं राहतं."

"छान. चेकवर सह्या कोण करतं?"

"मी."

"रक्कम कोण ठरवतं? माणसं कोण ठेवतं, कच्चा माल कोण ठरवतं?"

जयवंत वहिनीकडे एकटक बघत होता. उत्तर सोपं होतं, एका शब्दाचं. पण चौदा वर्षं तिने कुपीत कण दिसल्यावर कुपी पुढे जाऊ दिली नव्हती.

"सही माझी," ती म्हणाली. "बाकी सगळं आजपर्यंत भावोजी बघतात. मी तीन महिने येतेय. तपासणी माझ्याकडे आहे, कारभार अजून नाही."

दीप्तीने टॅबवर बराच वेळ काहीतरी लिहिलं. "खरं सांगितलंत म्हणून नाव रद्द करत नाही. पण पासही करता येत नाही. दोन महिन्यांनी परत येईन. तोवर ऑर्डर थांबेल."

ती गेल्यावर जयवंतने चहाचा ग्लास टेबलावर इतक्या जोरात ठेवला की चहा कागदांवर सांडला. राग आला की तो मालवणीवर यायचा. "गप रवाक काय झाला व्हता तुमका? एक 'मी' म्हणूचा होता, संपला!"

"खोटं होतं ते, भावोजी."

"मग खरं करा! चालवा तुम्हीच! बघू किती दिवस चालवताय." त्याने मोटरसायकलची किल्ली उचलली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने कळलं, वसईच्या एका रबर कारखान्यात त्याने मॅनेजरची नोकरी धरली होती.

भावाने फोन उचलणं बंद केलं होतं, त्याचं अनंतला वाईट वाटत होतं. जेवताना एकदा म्हणाला, "माझ्या टेबलासमोर रोज माणसं शपथ घेऊन खोटं बोलतात. तू नाही बोललीस, बरं झालं. पण आता झेपवायला हवं तुला."

दोन महिने वनमाला धावत होती. सकाळी बँक, दुपारी कच्च्या रबराचा व्यापारी, संध्याकाळी वीजबिलाच्या ऑफिसात. शरच्चंद्रांकडून ती साचा बसवायला शिकली, किती अंशांवर किती मिनिटं हे वहीत लिहून पाठ केलं. मनगटावर पहिला चटका बसला तेव्हा मेस्त्रींनी बर्फ आणून दिला आणि त्या दिवसापासून ते तिला वहिनीऐवजी 'शेठ' म्हणू लागले. ते चेष्टेने की मानाने, हे तिला कधी नीट कळलं नाही. कामगारांचा पगार तीन तारखेला झालाच पाहिजे म्हणून तिने आपल्या दोन बांगड्या गहाण ठेवल्या. ते अनंतला महिन्याने सांगितलं.

सप्टेंबरात दीप्ती पुन्हा आली. अर्धा दिवस बसली, वह्या पाहिल्या, कामगारांना वेगवेगळं विचारलं. जाताना दारात थांबून म्हणाली, "ऑर्डर पुढच्या आठवड्यात येईल, मॅडम." आणि आली.

आता खरं तर सबुरीने घ्यायचे दिवस होते. ऑर्डरीत लिहिलं होतं की गोदी मागवेल तसतसा माल द्यायचा, एकेका जहाजाचा एकेक हप्ता. पण वनमालाला थांबणं जमेना. त्याच सुमारास व्यापाऱ्याने सांगितलं, रबर वाढणार आहे, दिवाळीनंतर किलोमागे तीसेक रुपये. गोदीचा रेट ठरलेला. रबर महागलं म्हणून तो एक रुपयाने वाढणार नव्हता. म्हणजे मीटरमागचे वीस रुपये गेलेच म्हणायचे. तिने हिशेब केला आणि सगळं रबर एकदम घेतलं.

"घेतलंत ते ठीक," शरच्चंद्र म्हणाले. "पण प्रेस सुरू नका करू एवढ्यात. जयवंतशेठ गोदीचा निरोप आल्याशिवाय साचा तापवत नसत."

"का पण? जहाजं तर बांधतायत ना? माल तयार असला तर बोलावतील तेव्हा देता येईल. माणसं रिकामी बसवून पगार देऊ का?"

मेस्त्रींनी साचा तापायला ठेवला. नऊ आठवड्यांत तीन हजार मीटर पट्टी तयार झाली. एकेक मीटर वनमालाने उजेडात धरून तपासला. नियमाप्रमाणे प्रत्येक तुकड्यावर तो प्रेसमधून निघाल्याची तारीख उमटवली होती. वेटोळ्यांनी माळा भरला. पाहून तिला बरं वाटलं, पण दोनच दिवस. मग ती रोज सकाळी गोदीची मेल उघडून बघू लागली. जानेवारी गेला. फेब्रुवारीत पहिल्या जहाजाचा हप्ता मागवला, एक हजार मीटर. तो पास झाला, महिन्याभरात पैसे आले, तिने बांगड्या सोडवल्या. मग मार्चमध्ये पत्र आलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या जहाजाचा माल पुढील सूचना मिळेपर्यंत पाठवू नये.

ऑर्डरीच्या अकराव्या पानावर एक ओळ होती. ती तिने आधी वाचली होती, पण मनावर घेतली नव्हती. माल पोचेल त्या दिवशी तो प्रेसमधून निघून सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेले नसावेत. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं, म्हणून तो नियम.

ती गोदीत गेली. फाटकावर फोटो काढून पास घ्यायला दीड तास लागला. दीप्तीच्या टेबलामागच्या खिडकीतून अर्धं जहाज दिसत होतं, गंजाच्या रंगाचं, बाजूला परांची. दारांच्या जागी नुसती भोकं.

"कुठे अडलंय, मॅडम? माझा माल माळ्यावर पडलाय."

"पंपांवर." दीप्ती दमलेली दिसत होती. "पंपांचं टेंडर रद्द झालं. कमी रेटवाल्याने पंपात देशी मालाचा हिस्सा पन्नास टक्के आहे असं लिहून दिलं होतं, तपासलं तर भरेना. परत टेंडर निघालं. पंप बसल्याशिवाय ते कप्पे बंद करता येत नाहीत. कप्पे बंद नाहीत तर दारं नाहीत. दारं नाहीत तर तुमचं गास्केट नाही."

"किती दिवस?"

"आठ-दहा महिने."

"माझ्या मालाला मेमध्ये सहा महिने पुरे होतील. परत चाचणी करून घ्या ना. मी फी भरते. उत्तम माल आहे, तुम्हीच पास केलात."

"उत्तम आहे, मला माहितीय. पण तारीख जुनी असलेला माल मी घेतला आणि उद्या ऑडिटमध्ये आला, तर तुमच्या-माझ्या दोघींच्या मागे चौकशी लागेल."

"मग थोडा रेट तरी वाढवून द्या. नवा माल करायचा तर रबर महागलंय."

दीप्तीने खुर्ची वळवली. "ही जहाजं आम्हालाही सगळ्यात कमी रेट भरूनच मिळालीत. चार गोद्यांत चढाओढ झाली. उशीर झाला तर आम्हाला दंड आहे. वरून दाबत दाबत तुमच्यापर्यंत येतं हे मला दिसतं हो. पण माझ्या हातात रेट नाही." मग हळू आवाजात म्हणाली, "ऑर्डरीत 'मागवेल तसा' लिहिलं होतं. सगळा एकदम का केलात?"

थांबवलं नाही म्हणून, हे उत्तर तिथे सांगण्यासारखं नव्हतं. ती गोदीबाहेर आली, बसस्टॉपवर उभी राहिली, दोन बस सोडल्या आणि शेवटी चालतच सुटली. हा खड्डा तिने स्वतः खणला होता. जयवंतने नव्हे, दीप्तीने नव्हे. गाळ्यात मालकीण म्हणून तिने मनाने घेतलेला तो पहिला मोठा निर्णय होता.

शरच्चंद्रांनी परस्पर वसईला फोन केला. गुरुवारी, आपल्या सुट्टीच्या दिवशी, जयवंत आला. वहिनीशी न बोलता माळ्यावर चढला, वेटोळ्यांवरच्या तारखा वाचल्या, खाली उतरून स्टुलावर बसला.

"मला ठाऊक होतं हे होणार," तो म्हणाला. "गोदीची तारीख ही तारीख नसते, वहिनी. इच्छा असते नुसती."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत?"

"आता विचारते. काय करायचं?"

त्याला हे अपेक्षित नव्हतं. तो साच्याच्या कडेला चिकटलेलं रबर नखाने खरवडत राहिला. "कोपऱ्याचे तुकडे भंगारात. ते त्या दाराशिवाय कुठे बसत नाहीत. सरळ पट्टी मात्र रबरच आहे. ज्याला सर्टिफिकेट नको असं गिऱ्हाईक शोधा."

तिने दुसऱ्याच दिवशी शोध सुरू केला. शीतगृहांची दारं बनवणाऱ्यांना विचारून झालं, त्यांना वेगळी जाडी हवी होती. मग तिला आपली मालाडची मासळीवाली आठवली, तिच्या घरच्या दोन बोटी मढला होत्या. मासेमारीच्या बोटीत बर्फ आणि मासळी ठेवायला खण असतो, त्याचं झाकण घट्ट बसलं नाही तर बर्फ वितळतो आणि खारं पाणी आत जातं. वनमाला पिशवीत दहा मीटर पट्टी घालून बसने मढला गेली. किनाऱ्यावर तीन बोटी दुरुस्तीला ओढून ठेवल्या होत्या. तिथल्या मिस्त्रीने पट्टी दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"ही तर लय भारी दिसते. किती?"

"यावर सरकारी चाचणीचा दाखलाही आहे."

"मला कागद काय करायचाय, बाय? पाणी आत नाय आला पायजे, बास."

भाव चारशेच्या वर गेला नाही. पावसाळ्याच्या बंदीत बोटी किनाऱ्याला आल्या की सगळे डागडुजी काढतात. जून-जुलैत मढ, भाटी, वर्सोवा मिळून तिने चौदाशे मीटर विकली. उरलेली आणि सगळे कोपरे भंगारात गेले. भंगारवाल्याचा टेम्पो भरताना ती स्वतः उभी होती. शरच्चंद्र आत निघून गेले, त्यांना ते बघवेना.

तोटा झाला, मोठा झाला. अनंतने भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले आणि त्याबद्दल एकदाही बोलून दाखवलं नाही. त्यामुळे तिला जास्तच टोचत राहिलं. ऑगस्टमध्ये तिने जयवंतला फोन लावला.

"भावोजी, दुसऱ्या जहाजाचा माल पुन्हा नव्याने करायचाय. महाग रबरात. कुठे वाचवता येईल ते मला कळत नाही, तुम्हाला कळतं. परत या. पण पगारावर."

"माझ्याच गाळ्यात पगारावर?"

"गाळ्याचं भाडं वेगळं देते ना दर महिन्याला. वसईला किती देतात?"

"बत्तीस."

"मी तीस देईन. आणि कच्चा माल तुम्हाला विचारल्याशिवाय घेणार नाही."

"अठ्ठावीस दिलेत तरी चालेल," तो म्हणाला, "पण त्या रिजेक्टच्या ढिगावरून मला बोलायचं नाही." आणि दोघंही हसले, वर्षभरात पहिल्यांदा.

तो आला. साच्याचं तोंड थोडं बारीक करून कडेला वाया जाणारं रबर त्याने निम्म्यावर आणलं. दुसऱ्या जहाजाचा माल नोव्हेंबरात गेला, नफा नाही, तोटा नाही. जानेवारीत दीप्तीचा फोन आला. दारं बसली होती, पण एका दाराची खडूची चाचणी नापास होत होती.

वनमाला आणि शरच्चंद्र दोघं गेले. जहाजात वाकून, दोन उभ्या शिड्या उतरून ते त्या दारापाशी पोचले. चाचणी साधी असते. चौकटीच्या धारेला खडू फासायचा, दार मिटून घट्ट आवळायचं, परत उघडायचं. गास्केटवर खडूची रेघ सलग उमटली पाहिजे. रेघ जिथे तुटली तिथून पाणी येणार. इथे बिजागरीच्या बाजूला वीतभर रेघ नव्हती.

"गास्केट खराब आहे," फिटर म्हणाला.

वनमालाने बॅटरी मागितली. गुडघ्यावर बसून पट्टीवरून अंगठा फिरवला, वरून खाली, पुन्हा खालून वर. एकही उंचवटा लागला नाही. मग शरच्चंद्रांनी दाराला खालून पहार लावून किंचित उचललं. दार हललं.

"बिजागरी खाली बसलीय," ते म्हणाले. "दार लटकतंय."

फिटरने कुरकुरत बिजागरीत पातळ पत्रा घातला. पुन्हा खडू, पुन्हा दार. उघडल्यावर चारही बाजूंनी पांढरी रेघ, अखंड. फोटो काढायला परवानगी नव्हती, म्हणून वनमाला ते बघत थोडा जास्त वेळ तिथेच बसून राहिली. वरून दीप्तीने दोनदा हाक मारली.

तिसऱ्या जहाजाचा माल गेला आणि त्याच आठवड्यात पुढच्या जहाजांच्या टेंडराची सूचना निघाली. जयवंतने ती मोबाईलवर वाचून दाखवली. ह्या वेळी गास्केटचं वेगळं टेंडरच नव्हतं. चौकट, दार, बिजागरी, गास्केट, सगळं एकत्र, एकाच पुरवठादाराकडून. वर्षाची उलाढाल चाळीस कोटी हवी.

"म्हणजे आपण बाहेर," तो म्हणाला. "ना चौथा हिस्सा, ना बायकांचा. तो नियम आहे तिथेच आहे, फक्त आपल्यापर्यंत पोचत नाही."

वनमाला तिच्या त्या सवयीप्रमाणे ऐकता ऐकताच उठली होती. "दारं कोण करणार ह्यातली?"

"तीनच कंपन्या आहेत. एक रबाळ्याला."

तिने चार नमुने कापून कागदात गुंडाळले आणि रबाळ्याला जायला ऐरोलीची बस धरली. दारवाल्या कंपनीच्या स्वागतकक्षात तिला पावणेदोन तास थांबवलं. शेवटी खरेदीचा माणूस आला, देवव्रत नावाचा, उभ्याउभ्याच बोलला. "रेट?"

तिने सांगितला.

"पुणेवाला यापेक्षा कमी देतो."

"देत असेल. तुमचं दार लटकलं तर बघायला तो जहाजात उतरतो का?"

त्याने नमुना हातात घेतला, वाकवला. नमुने ठेवून घेतले आणि कार्ड मागितलं. तीन आठवडे झाले, वनमाला दर सोमवारी त्याला फोन करते. गेल्या सोमवारी त्याने वीस मीटर मागवली, चाचणीपुरती, फुकट. जयवंत म्हणाला, फुकट कशाला द्यायची. तिने दिली. मढच्या मिस्त्रीची तीनशे मीटरची मागणी आलीय, त्यावर एक प्रेस चालू आहे. दुसरा अजून थंड आहे, आणि ती गाळ्यात शिरली की आधी त्याच्यावर हात ठेवून बघते.